भाड्याची घरकुले आणि आपली खतावणी

— बेळगावचा एक सभासद



आपल्या संघाच्या स्मरणिकेत व्यापाराचा आढावा, करविषयक माहिती आणि दिवंगतांचे पुण्यस्मरण ही सदरे दरवर्षी येतात, आणि ती यावयासच हवीत. परंतु ज्यांच्या पाठीवरून आपला माल वखारीत येतो आणि वखारीबाहेर जातो, त्यांच्या डोक्यावर रात्री छप्पर कसले असते, याचा विचार या पानांवर क्वचितच झाला आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने हा विषय काढला होता. वेळ अपुरा म्हणून तो पुढे ढकलला गेला. सभेत जे बोलता आले नाही ते येथे लिहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय थोडक्यात असा. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलोपार्जित अथवा पुढे खरेदी केलेल्या शेतजमिनी बेळगावच्या आसपास, मच्छे, काकती, होनगा या बाजूंना किंवा खानापूरच्या वाटेवर आहेत. काही पडीक आहेत, काही वाट्याने लावलेल्या आहेत. दलाल दर आठवड्याला दारात येतो आणि प्लॉट पाडून विकण्याचा सल्ला देतो. दुसऱ्या बाजूस उद्यमबागेतील ओतशाळांत, बाजारातील आडतींत आणि आपल्या दुकानांत काम करणारी माणसे एका खोलीत सहा-सहा जण राहतात, अथवा रोज पहाटे एस्. टी. पकडून दोन-दोन तास येतात. अशा जमिनीच्या लहानशा तुकड्यावर दहा-वीस लहान घरे बांधून ती भाड्याने द्यावीत, अशी ती सूचना होती. प्रस्तुत लेखक त्या सूचनेचा पक्षपाती आहे. परंतु त्या दिवशी सभेत जो हिशोब ऐकविण्यात आला, तो त्याला मुळीच मान्य नाही. “बारा टक्के सुटतील” असे तेथे सांगण्यात आले. बारा टक्क्यांच्या आशेने जो या कामात उतरेल तो दोन वर्षांत पस्तावेल, आणि त्याच्या पस्तावण्याचे भोग भाडेकरूंच्या वाट्यास येतील. हे मी कोणा दुसऱ्याचे उदाहरण पाहून लिहीत नाही.

आमच्या आठ खोल्या

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या पेढीने शहराबाहेरच्या आमच्याच शेतात आठ खोल्या बांधल्या. जमीन घरची होती, म्हणून तिची किंमत वहीत शून्य धरली. विहीर होतीच, म्हणून पाण्यासाठी एक पैसाही वेगळा काढला नाही. संडास मागाहून सुचले. ते जेथे जागा उरली तेथे, विहिरीपासून जेमतेम वीस फुटांवर बांधले, आणि त्यांचा शोषखड्डा त्याहूनही जवळ आला. कंत्राटदाराने एकदा विचारले होते, “शेठजी, थोडे लांब घेऊ का?” लांब घेतल्यास नळाचा आणि खोदाईचा खर्च वाढला असता. मी नको म्हणालो.

पहिले वर्ष उत्तम गेले. आठही खोल्या भरल्या, भाडे वेळेवर आले, आणि दिवाळीच्या वहीपूजनाला मी ते खाते मोठ्या समाधानाने पाहिले. दुसऱ्या पावसाळ्यात विहिरीचे पाणी वर आले आणि शोषखड्ड्याचे पाणी त्यास मिळाले. श्रावणात तीन घरांत कावीळ झाली. आमच्या वखारीतील एका हमालाची सहा वर्षांची मुलगी तीन आठवडे इस्पितळात होती. ती बरी झाली, हे आमचे भाग्य. तिच्या बापाने मला एकही कठोर शब्द ऐकविला नाही. दिवाळीपूर्वी त्याने खोलीची किल्ली दिवाणजींच्या गादीवर ठेवली आणि तो गावी निघून गेला. पुढच्या वर्षभरात इतर सात खोल्याही रिकाम्या झाल्या. त्या खोल्यांत आज आमची रिकामी पोती असतात.

नळाच्या आणि खोदाईच्या खर्चात त्या वेळी किती वाचले होते ते मी नंतर जुन्या वहीत शोधून पाहिले. आठ खोल्यांच्या तीन महिन्यांच्या भाड्याहून ती रक्कम कमी होती. त्या अनुभवावरून माझे एकच मत बनले आहे, आणि या लेखात सांगावयाचे ते तेवढेच : घर हे विटांचे नसते, पाणी, सांडपाणी, वाट आणि दुरुस्तीचा राखीव निधी यांचे ते बनते. ज्या हिशोबात या चार बाबी पहिल्या येत नाहीत, तो हिशोब कितीही नफा दाखवो, तो खोटा होय.

पूर्वजांनी काय केले

वस्ती वसविणे ही गोष्ट आपल्या प्रांताला नवी नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून उद्योगास आरंभ केला, आणि 1910 साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या 32 एकर माळरानावर कारखान्याबरोबर वस्तीही उभारली. निवडुंगाने भरलेला तो माळ पुढे किर्लोस्करवाडी म्हणून देशभर नावाजला गेला. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबातील शेठ वालचंद हिराचंद यांनी साखरेच्या कारखान्याबरोबर इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले. कारखाना आणि कामगाराचे घर या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो, हे या दोघांनाही कळले होते.

शेठ माणेकचंद हिराचंद यांची मुंबईतील हिराबाग धर्मशाळा आणि त्या काळात ठिकठिकाणी निघालेली जैन बोर्डिंगे ही आपल्या समाजाची खरी श्रीमंती. कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण विचार केल्यास असे दिसेल की, आपण वाटसरूसाठी धर्मशाळा बांधली, विद्यार्थ्यासाठी बोर्डिंग बांधले. मात्र जो ना वाटसरू आहे ना विद्यार्थी, जो वीस-वीस वर्षे आपल्या दारात काम करतो, त्याच्यासाठी काही बांधले नाही. 2020 च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली तेव्हा ही उणीव उघडी पडली. कामगार गावाकडे चालत निघाले, कारण भाड्याच्या त्या खोल्यांत त्यांना थांबविणारे काही नव्हते. त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली, आणि 2024 च्या नव्या शहरी आवास योजनेतही भाड्याच्या घरांना स्थान मिळाले. या योजना मुख्यतः शहरांसाठी आहेत. खेड्याच्या हद्दीतील आपल्या जमिनींसाठी आपल्यालाच विचार करावयास हवा.

खर्चाचा आराखडा

आता हिशोब. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचा भाव पाहून ते बदलावेत. मात्र बाबींपैकी एकही बाब वगळू नये.

वीस गुंठे जमीन आणि त्यावर प्रत्येकी 280 चौरस फुटांची बारा घरे, असे समजू. प्रत्येक घरात 110 चौरस फुटांची एक खोली, आठ फूट लांब व आठ फूट रुंद स्वयंपाकघर, घरातच न्हाणी व संडास, दारापुढे लहानसा ओटा, आणि उरलेले क्षेत्र भिंतींचे. ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट धरले आहे. त्याहून लहान घर आपण बांधू नये. सरकार ज्याला किमान म्हणते त्याच्याही खाली जाणे व्यापाऱ्याला शोभत नाही.

जमीन, 20 गुंठे : 16,00,000 रुपये
मोजणी, बिनशेती, नकाशे व मंजुऱ्या : 2,00,000
बारा घरांचे बांधकाम, दर चौरस फुटास 1,600 प्रमाणे : 53,76,000
बोअर, पंप, टाकी व नळ : 5,00,000
सेप्टिक टाक्या, शोषखड्डे व सांडपाण्याचे नळ : 4,00,000
वीज, खांब व मीटर : 4,00,000
रस्ता, गटार, कुंपण, दिवे व झाडे : 5,00,000
अकल्पित खर्च, कामांच्या रकमेवर शेकडा दहा : 7,17,600
एकूण : 96,93,600 रुपये

या तपशिलातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका घराच्या केवळ बांधकामास 4,48,000 रुपये लागतात, परंतु एकूण रकमेस बाराने भागल्यास प्रत्येक घर 8,07,800 रुपयांना पडते. सभेत जो बारा टक्क्यांचा आकडा सांगण्यात आला, तो साडेचार लाखांवर काढलेला होता. उरलेले साडेतीन लाख म्हणजे जमीन, पाणी, सांडपाणी, वीज आणि वाट. आमच्या आठ खोल्यांच्या वेळी मी नेमके हेच वगळले होते.

“जमीन तर घरचीच आहे” असे म्हणणारे म्हणतील. घरची साखर विकताना आपण तिची किंमत शून्य धरतो काय? आज विकल्यास जे येईल ते आपण तेथे गुंतविले आहे, असेच खतावणीने सांगितले पाहिजे.

उत्पन्नाची बाजू

महिना 16,000 रुपयांच्या आसपास मिळविणाऱ्या माणसाने मिळकतीचा चौथा हिस्सा भाड्यास द्यावा, असे धरल्यास भाडे 4,000 रुपये होते. बारा घरांचे बारा महिन्यांचे 5,76,000 रुपये झाले. परंतु माणसे जातात, नवी यावयास वेळ लागतो, मधे रंगसफेदी करावी लागते; म्हणून दर घरामागे वर्षातील एक महिना रिकामा धरावा. राहिले 5,28,000 रुपये. त्यातून दुरुस्ती निधी 60,000, अर्धवेळ राखणदार 96,000, पंपाची वीज, टाकीची सफाई व सामाईक दिवे 36,000, आणि पंचायतीचा कर व इमारतीचा विमा 24,000, असा 2,16,000 रुपयांचा खर्च वजा जाता हाती 3,12,000 रुपये उरतात. आपल्या 97 लाखांच्या भांडवलावर हे शेकडा सव्वातीनहूनही किंचित कमी होय.

बँकेतील मुदत ठेव याहून अधिक देते. सहा टक्के हवे असतील तर भाडे 6,000 रुपयांच्या वर न्यावे लागेल, आणि मग ज्या माणसासाठी घर बांधले तो तेथे राहू शकणार नाही. कर्ज काढून बांधावे म्हटल्यास अवस्था याहून बिकट. 60 लाखांचे कर्ज शेकडा नऊ दराने घेतल्यास पहिल्या वर्षाचे व्याजच 5,40,000 रुपये, म्हणजे सर्व घरांच्या निव्वळ उत्पन्नाहून कितीतरी अधिक. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, हे काम कर्जावर करू नये. कर्जाचा हप्ता चुकू लागला की पहिली कात्री राखणदाराला आणि टाकीच्या सफाईला लागते. आणि तेथून कावीळ दूर नसते.

मग हे काम करावेच कशाला? सभासद बंधूंनो, या प्रश्नाला दोन खोटी उत्तरे आहेत. एक म्हणते, यात भरपूर नफा आहे. दुसरे म्हणते, हे पुण्यकर्म आहे, यात हिशोब कशाला पाहावयाचा? पहिल्या उत्तराने घरे निकृष्ट होतात. दुसऱ्याने ती चार वर्षांत मोडकळीस येतात, कारण दानाच्या इमारतीच्या दुरुस्तीस कोणीच धनी नसतो. खरे उत्तर असे आहे की, हे तीन-चार टक्क्यांचे, संथ आणि टिकाऊ काम आहे. मुद्दल जमिनीच्या आणि भिंतींच्या रूपाने राहते; आणि अनुभवी हमाल, तोलणारा, कारकून गाव सोडून जात नाही. ही दुसरी प्राप्ती खतावणीच्या कोणत्याच पानावर दिसत नाही, परंतु हंगामाच्या तोंडावर ज्याची माणसे निघून गेली आहेत, त्याला तिची किंमत विचारावी. ज्याला सहा टक्केच हवे आहेत त्याने खुशाल बँकेत ठेव ठेवावी. त्यात काहीच गैर नाही. पण त्याने या कामात भाग घेऊ नये.

काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

संख्या वाढली की सामाईक खर्च वाटला जातो. त्याच वीस गुंठ्यांत बाराऐवजी वीस घरे बांधली, पाणी-वीज-रस्त्यांवरील खर्च 18 लाखांवरून 23 लाखांवर गेला, तरी दर घराची पडताळ 8,07,800 वरून 7,09,300 रुपयांवर येते. दुरुस्ती, दिवे, कर व विमा यांचा खर्च घरांच्या प्रमाणात वाढेल. राखणदार मात्र तोच राहील. एकूण खर्च 2,96,000 धरल्यास प्राप्ती शेकडा 4.1 च्या घरात जाते. म्हणून मंजुरी व आखणी वीस घरांची करावी, परंतु पहिल्या खेपेस बाराच बांधावीत. दोन उन्हाळे बोअर टिकला, दोन पावसाळे सांडपाणी नीट मुरले, की मग उरलेली आठ.

बांधकामातही शहाणपणास वाव आहे. घरे सुटी न बांधता सहा-सहांच्या ओळीत, सामाईक भिंतींनी बांधावीत. केरळात लॉरी बेकर यांनी प्रचारात आणलेली विटा उभ्या ठेवून मध्ये पोकळी राखण्याची बांधणी विटांची सुमारे चौथाई बचत करते, आणि पोकळीमुळे खोली थंडही राहते. खानापूरच्या बाजूस चिरा स्वस्त पडत असेल तर चिराच वापरावा. पत्र्यापेक्षा मंगळुरी कौले उन्हाळ्यात पुष्कळ सुसह्य. जेथे काळी माती आहे तेथे मात्र पायात कसर करू नये. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि उथळ पायावरच्या भिंती तिसऱ्या वर्षी तडकतात.

पाण्याचा हिशोब माणशी करावा. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटर हे मान धरले आहे. परंतु घरात संडास आहे म्हटल्यावर 100 लिटर धरणे बरे. बारा घरे, घरामागे चार माणसे, म्हणजे रोज सुमारे 5,000 लिटर. आणि वीज गेली तरी दोन दिवस पुरावे म्हणून टाकी 10,000 लिटरची. शोषखड्डा बोअरपासून निदान 60 फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगास असावा. ही एक ओळ सभासदांनी लेखणीने अधोरेखित करावी अशी माझी विनंती आहे. छपरावरचे पाणीही सोडू नये. बारा घरांचे छप्पर सुमारे 312 चौरस मीटर भरते. वर्षाला 1,000 मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला, तरी अडीच लाख लिटर, म्हणजे वस्तीचे पन्नास दिवसांचे पाणी जमिनीत मुरविता येते.

कायदा आणि करार

आपल्याकडे 2020 च्या दुरुस्तीने शेतकरी नसलेल्यासही शेतजमीन विकत घेण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे पुष्कळांचा असा समज झाला आहे की, जमीन आपली झाली म्हणजे तीवर काहीही बांधता येते. तसे नाही. 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याप्रमाणे शेतजमिनीचा वापर बदलण्यास परवानगी लागतेच. उताऱ्यावर सर्व वारसांची नावे, मोजणीचा नकाशा आणि येण्याजाण्याची कायदेशीर वाट, ही तीन हाती आल्याखेरीज वीटही आणू नये. विशेषतः वाट. शेजारी शेतकरी भला आहे म्हणून त्याच्या बांधावरून ये-जा चालते. त्याच्या मुलांच्या वाटण्या झाल्या की ती बंद होते.

जुन्या मालकांच्या मनात भाडेकरूची धास्ती असते, आणि तिला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यातच होते. भाडे वाढेना म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती खचू लागल्या, आणि अखेर मुंबईत 1969 साली दुरुस्तीसाठी उपकराचा कायदा करावा लागला. यातून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. भाडेवाढ करारातच, दरवर्षी ठरावीक प्रमाणात लिहावी. आणि दुरुस्तीचा निधी भाड्यातूनच, पहिल्या महिन्यापासून, वेगळ्या खात्यात टाकावा. घरभाड्याच्या उत्पन्नातून पंचायतीचा कर वजा जाता आयकरात 30 टक्क्यांची सरसकट सूट मिळते. खर्च केला असो वा नसो. ती सूट ही आपली कमाई न समजता दुरुस्तीची ठेव समजावी. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेऊ नये. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यानेही हीच मर्यादा सुचविली आहे.

करार कोणाच्या नावे असावा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सोय म्हणून आपण म्हणतो की, दुकानाने घर भाड्याने घ्यावे आणि कामगारास द्यावे. कराच्या दृष्टीने हे महागाचे आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने राहते घर भाड्याने घेतल्यास 18 जुलै 2022 पासून त्या भाड्यावर वस्तू व सेवा कर त्याला स्वतःलाच भरावा लागतो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने राहण्यासाठी घेतल्यास तो कर नाही. पण कर बाजूला ठेवला तरी दुसरे कारण अधिक मोठे आहे. नोकरी आणि घर एकाच हातात असले की, दुकानात शब्दाला शब्द झाला त्या रात्री माणसाची चूलही रस्त्यावर येते. ज्याला घर जाण्याची भीती आहे तो आपल्याला चुकीचे वजन दाखविणार नाही, पण आपली चूकही दाखविणार नाही. म्हणून करार कामगाराच्या नावे, संघाच्या वतीने नेमलेल्या समितीशी व्हावा. दुकान सुटले तरी भाडे देईपर्यंत घर सुटू नये.

घर कोणास द्यावे, याची कुजबुज सभेनंतर झालीच. प्रश्न नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. आपल्या वखारींत काम करणारे सर्व जातींचे, सर्व पंथांचे आहेत. “आपल्यांनाच” अशी अट घातल्यास बारांपैकी नऊ घरे रिकामी राहतील, आणि वरचा सारा हिशोब कोसळेल. सामाईक अंगणात स्वच्छता, शांतता व निर्व्यसन यांचे नियम असावेत, आणि ते करारापूर्वी वाचून दाखवावेत. दाराच्या आतील चुलीवर मात्र पहारा नसावा. ज्या सभासदास हे मनापासून रुचत नसेल, त्याने आपली जमीन या कामी देऊ नये. त्यात त्याला कोणी दोष देणार नाही. परंतु घर देऊन मग भांडी हुंगणे हे देणाऱ्यासही शोभत नाही आणि घेणाऱ्यासही सोसत नाही.

एक सूचना

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेपुढे माझी सूचना अशी : ज्यांची इच्छा असेल अशा वीस-पंचवीस सभासदांनी आपापल्या कुवतीप्रमाणे भांडवल घालावे, प्राप्ती तीन-चार टक्क्यांहून अधिक नाही, हे पहिल्याच कागदावर ठळक लिहावे, कर्ज काढू नये, पहिली बारा घरे बांधावीत, आणि दरवर्षीच्या स्मरणिकेत त्या घरांचा जमाखर्च, बोअरच्या पाण्याच्या तपासणीसह, छापावा. आपण जाहिरातींसाठी इतकी पाने देतो, त्यात या एका पानाची भर जड होणार नाही.

जमिनीबद्दल म्हणाल, तर आमच्या त्या आठ खोल्यांचे शेत मी या कामासाठी, वरील तपशिलाप्रमाणे बाजारभावाने वहीत मांडून, देण्यास तयार आहे. जुन्या खोल्या पाडाव्या लागतील. विहीर बुजवू नये. तिचे पाणी झाडांना चालेल. संडास कोठे बांधावयाचे ते मात्र या वेळी आधी ठरवू, आणि खोल्यांची आखणी त्यानंतर करू.